केबलवाल्याचा प्रश्न

माझ्या फोनमध्ये त्याचा नंबर ‘केबल, इंदापूर’ एवढ्याच नावानं आहे. बारामतीला आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये तो केबल जोडायला आला होता. प्रत्येक टोक जोडलं की ते दोनदा हलकेच ओढून बघायचा, मगच पुढचं हातात घ्यायचा.

मी इथूनच इंदापूरच्या कॉलेजमधल्या लिनक्स सर्व्हरवर एक टूलकिट बसवत होते. नेटवर्कवरून येणारी माहितीची पॅकेटं ते लिनक्सला वगळून थेट हाताळतं. दुसऱ्या दिवशी तिथल्या मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा त्यावरच होती. यादीतल्या सहा पायऱ्यांवर टिक झाली होती. सातवी मी मोठ्यानं वाचली, “नेटवर्क कार्ड टूलकिटच्या ताब्यात देणे.”

“ताई, त्या मशीनला कार्ड किती हायत?” त्यानं टेबलाखालूनच विचारलं.

“एकच.”

“मग ते देऊन टाकल्यावर तुमी आत कुठनं शिरणार?”

मी कीबोर्डवरून हात काढला. कार्ड टूलकिटकडं गेलं की लिनक्सला ते दिसणार नव्हतं, आणि मी तर लिनक्समधूनच आत शिरत होते; सर्व्हरपर्यंतची एकुलती वाट मीच बंद करायला निघाले होते.

“जास्तीचं कार्ड हाय माझ्याकडं. इंदापूरला घरी जाताना बसवतो,” तो म्हणाला. “रानात पाणी सोडताना आपल्याला उभं राहायला बांध ठेवतोच की.”

संध्याकाळी त्याचा फोन आला. “दुसरं बसलं. दिसतंय का तुमाला?”

दिसत होतं.

“मग द्या आता पहिलं. मी हितंच हाय.”

राहिलेल्या पायऱ्यांना दहा मिनिटं लागली. पॅकेटं वाहू लागली असं मी सांगेपर्यंत त्यानं फोन ठेवला नाही.