फर्गसची शाल

फर्गस होता तेव्हा नोला गेडिसच्या घरात कुत्र्याचा केस नाही अशी जागा नव्हती. पांढराशुभ्र, सामोयेड जातीचा तो, आणि वसंत लागला की अंगावरची आतली लव पुंजक्यापुंजक्यांनी टाकायचा. लोण्यात केस, चहात केस, नवरा कुणाच्या मयताला जाताना घालायचा त्या काळ्या कोटावर केस. नोला ओला रबरी हातमोजा चढवून गालिचा घासायची, सोफ्यावर चिकटपट्टी फिरवायची, आणि संध्याकाळी पुन्हा तेच.

"हा गेला की कळेल आपल्या गालिच्याचा रंग कोणता ते," नवरा आयव्हन म्हणायचा.

फर्गस म्हातारा होऊन एका सकाळी स्टोव्हजवळ निजल्या जागीच गेला, आणि जन्मभर शाळेची बस चालवलेली, कुणापुढे डोळ्यांतून टिपूस न काढलेली ही बाई भर दुकानात, दुधाच्या बाटल्यांसमोर उभी राहून रडली.

विंचरताना निघालेले केस तिने उशांच्या अभ्र्यांत भरून ठेवले होते. ते घेऊन ती व्हर्नाकडे गेली. दर बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये गावातल्या बायका चरखे घेऊन जमतात. व्हर्ना त्यांच्यातली सगळ्यांत तरबेज, आणि नोलाची शाळेपासूनची मैत्रीण. नोलाला स्वतःला सूत काढता येत नाही. ती तिथे चीज रोल भाजते आणि चहा करते.

"याची शाल होईल?"

"न व्हायला काय झालं? तुझ्या फर्गसला तुझ्याच गळ्यात घालते बघ."

"मेंढीची लोकर मिसळू नकोस हं."

"अगं, नुसत्या कुत्र्याच्या केसांचं सूत निसटतं. थोडी घालावीच लागते."

"नको म्हटलं ना."

"बरं बाई, नाही घालत."

हिवाळ्याच्या तोंडावर शाल आली. हॉलमधल्या प्रत्येकीने ती अंगठ्याने चाचपून पाहिली. "अगदी फर्गसच गं," असं सगळ्या म्हणाल्या. नोलाला हुंदका आवरेना.

त्या शालीने तिला बळ दिलं. फर्गस आता जवळ आहे, मग घरातले केस कशाला जपायचे? तिने वाफेने गालिचे धुणारा माणूस बोलावला, सोफा देऊन टाकला, फर्गसचा कंगवा आणि अंथरुणही कचऱ्यात घातलं. गालिचा निळा निघाला. ती शाल घेऊन निजायची, शालीशी बोलायची. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

मग एका दुपारी दोरीवरचे कपडे काढताना दक्षिणेकडून पाऊस आला आणि ती चिंब झाली. अंगावरची शाल तिने स्टोव्हजवळ वाळत घातली. थोड्या वेळाने खोलीत वास पसरला, आणि नोला होती तिथेच बसली. ओल्या कुत्र्याचा वास काय असतो हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण ती मेंढ्यांच्या फार्मवर वाढलेली, ओल्या मेंढीचा वासही तिला तितकाच ठाऊक होता. शालीला मेंढीचा वास येत होता. नाक खुपसून खुपसून तिने हुंगलं. फर्गसचा मागमूस नव्हता.

बुधवारी तिने चहाची किटली न लावताच शाल व्हर्नाच्या मांडीवर ठेवली.

"यात फर्गस किती आहे?"

व्हर्नाने चरखा थांबवला. "अभ्रे गॅरेजमध्ये राहिले गं," ती हळूच म्हणाली. "कसर लागली. सगळं जाळावं लागलं. तू इतकी रडत होतीस, तुला सांगू कोणत्या तोंडानं?"

"म्हणून मेंढी दिलीस?"

"माझ्याकडची सगळ्यांत चांगली लोकर होती ती."

नोलाने बाकीच्या बायकांकडे पाहिलं. प्रत्येकीची नजर आपापल्या चरख्यावर. ज्या बायका अंगठा लावून मेंढीची जातसुद्धा सांगतात, त्यांना त्याच दिवशी कळलं होतं. एकीनेही हूं की चूं केलं नव्हतं, आणि तिने भाजलेले रोल मात्र प्रत्येक बुधवारी खाल्ले होते. प्रेमाने केसाने गळा कापणारी माणसं अशीच असतात, आणि वर आपण मायेने केलं म्हणून समाधानात राहतात. मला तरी त्यांना माफ करता येत नाही.

"घरात सापडतील गं अजून थोडे," व्हर्ना काकुळतीने म्हणाली. "पांढरे केस कुठे जातात? सापडले की दे, मी खरंच..."

"तुझ्या शालीच्या भरवशावर घर धुऊन काढलं मी, व्हर्ना. एक केस ठेवला नाही."

शाल तशीच सोडून ती बाहेर आली. आयव्हन गाडीत बसला होता.

"शाल विसरलीस?"

"व्हर्नाने केस जाळले. तुला ठाऊक होतं?"

आयव्हनने खिशात किल्ली शोधायला सुरुवात केली. किल्ली गाडीलाच लावलेली होती.