हिरानं आखलेले डोळे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. आज तुम्हाला सांगतेय — आजच का, ते विचारू नका, मलाही माहीत नाही.

मी रोह्याला कॉलेजात शिकवते. पहिल्या वर्षाच्या मुलांना कायदा, नीती, समाजाचं मानसशास्त्र — सगळ्याची तोंडओळख. समूहाच्या दबावाचा धडा आला की दरवर्षी एक गोष्ट सांगते. पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात मूर्तीची सोंड तुटली. पाळीची अडचण असताना एक मुलगी आत आली म्हणून हे झालं, असं म्हणत सगळ्या बायका तिच्यावर तुटून पडल्या. 'मीही त्यांच्यात होते,' असं म्हणून मी थांबते. मग कुणीतरी हमखास म्हणतं, "मॅडम, तुमचा काय दोष? सगळ्याच बोलत होत्या ना!"

गोष्ट तिथं संपते. म्हणजे — मी संपवते.

ती मुलगी हिरा. कासूकडची, मिठागरावर राबणाऱ्या घरातली. आम्ही दोघी त्या कारखान्यात एकदमच कामाला लागलो होतो. रंगाचे हात सगळ्याच मारायच्या, पण डोळ्यांची आखणी मालक सहसा कुणाला देत नसत. त्या वर्षी तिला दिली. मला नाही.

एका दुपारी सगळ्या जेवायला बाहेर गेल्या, तेव्हा मी तिनं आखलेले डोळे बघायला वाकले. कशासाठी? चूक सापडावी म्हणून. सापडली नाही. वळताना कोपर लागलं आणि सोंड तुटून खाली पडली. दारात हिरा उभी होती, पाण्याचा तांब्या घेऊन. तिनं पाहिलं.

आवाज ऐकून मालकांच्या काकी धावत आल्या, मागून सगळ्या. "आडचन आसताना कोन आत आली गो?" कुणी बोललं नाही. ऐकताय ना? कुणीच नाही. मग दबाव कुणाचा होता माझ्यावर?

"हिराला हाय," मी म्हणाले.

सकाळीच तिनं मला सांगितलं होतं, विश्वासानं. पोटात दुखतंय, कुणाला बोलू नको, म्हणून.

मग बाकीच्यांना कंठ फुटला. "तरीच!" "देवाच्या तोंडावर हात फिरवते, नि लाज नाय!" हिरा त्यांच्याकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "सांग ना गो."

मी खाली बघितलं.

तिला तिथूनच घरी पाठवलं. पेणमधल्या दुसऱ्या कुठल्या कारखान्यानंही तिला दारात उभं केलं नाही. गोष्ट तिच्याआधी पोचायची. ती परत मिठागरावर गेली. पुराव्याशिवाय कुणाला दोषी धरू नये, हे मी फळ्यावर लिहिते तेव्हा अक्षर नीट येतं माझं. घटनेला साक्षीदार एकच होती — आणि तिलाच मी आरोपी केलं.

पुढच्या सीझनला मालकांनी आखणीचा कुंचला माझ्या हातात दिला.

मी घेतला.