वर दोर धरणारा

गोंदियाच्या दवाखान्यात तो माझ्या शेजारी बसला होता. आमगावकडे विहिरींचा गाळ काढायचा. "आपुन खाली उतरलो का वरतं दोर धरनारा पक्का पाह्यजे," म्हणाला आणि गळ्यातल्या दुपट्ट्याला पीळ देत राहिला.

दोघांचंही कोलेस्टेरॉल वाढलेलं. दमलेल्या डॉक्टरांनी दोघांना एकदमच समजावलं. रक्तातली चरबी धमनीच्या भिंतीत शिरते. ती खायला पांढऱ्या पेशी आत उतरतात, खाऊन खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. मग त्यांचाच गाळ साचून वाट अरुंद होते.

मी मान हलवली. त्याची बोटं मात्र दुपट्ट्यावर थांबली.

"मंग त्यायचा दोर धरून वरतं कोनी नाही राहत का जी?"

डॉक्टरांनी पुढचा नंबर पुकारला. आम्ही दोघंही एकटेच आलो होतो.