मामेभावाचं तांबं, मामांचं मीठ

तयार वस्तूवर रागावणारा माणूस अख्ख्या उरण तालुक्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा मामेभाऊ निघाला हे माझं नशीब. पानात आलेली टम्म भाकरी त्याला बघवत नाही; ती फुगायला लागली तेव्हा आपण कुठे होतो, याचं त्याला दुःख. म्हणून लहानपणापासून तो चुलीत डोकं घालून बसायचा आणि मामीचा मार खायचा. शेजारच्या साखरपुड्यात सगळे पेढे खात असताना हा पठ्ठ्या नवऱ्या मुलाला विचारत होता, "ते सगळं ठीक, पण आवडली नेमकी कुठल्या क्षणी?" मुलीच्या बापाला घाम फुटला. दंडाला धरून मीच त्याला मांडवाबाहेर काढला.

अशा माणसाला विज्ञानाशिवाय कोण पोसणार? एका प्रयोगशाळेत तो तांबं आणि नायट्रोजन मिळून होणारे कण अभ्यासतो. कण म्हणजे केवढे, तर केसाच्या जाडीत हजारो मावतील एवढे. सुईएवढ्या काचेच्या नळीत द्रावण तापवायचं, आरपार एक्स-रे सोडायचे, आणि ते कसे विखुरतात यावरून आत कोण कुणाला चिकटलंय ते ओळखायचं. तांबं आधी ऑक्सिजनचा हात धरून असतं, मग तो सोडून नायट्रोजनकडे जातं. ते नेमकं कधी आणि कसं, एवढंच याला हवं असतं. जास्त तापलं तर दोघांनाही सोडून नुसतं तांबं उरतं. हे ऐकून मामी म्हणाली, "मेल्या, सोताचा लगीन बग आदी! परक्यांच्या भानगडी कशाला?"

या कामाला लागणारं किरणांचं यंत्र परदेशात, क्रिकेटच्या मैदानापेक्षा मोठ्या गोल इमारतीत. अर्ज करून वर्षभर थांबावं तेव्हा तीन दिवस वाट्याला येतात. मागच्या खेपेला आमच्या या भाऊसाहेबांनी घाईघाईने तापवलं, आणि डोळे लावून बसतात तोवर कण तयार! पुढे सहा महिने तो आमच्याशी धड बोलला नाही. यंदा पुन्हा नंबर लागला. हा हुकला तर काम बंद, असं वरिष्ठांनी बजावलेलं. आणि तारखा आल्या त्या ऐन मामांच्या मिठागराच्या शेवटच्या ओढणीला, म्हणजे वाफ्यांत धरलेलं मीठ फळीने ओढून काढायच्या वेळी. शेवटची म्हणजे कायमचीच. पावसाळ्यानंतर तिथे गोदामं उभी राहणार होती. मामांच्या घरी हंगामाचं शेवटचं मीठ मुलाच्या हाताने ओढतात. मामा एवढंच म्हणाले, "जा तू. मिठाचा काय, बगू आमी."

तो गेला. इकडे एकेक वाफा ओढून झाला, मिठाचे ढीग लागले, गडी पांगले. कडेचा एक वाफा मात्र मामांनी तसाच ठेवला. मीठ वेळेवर ओढलं नाही तर तळाला धरतं, दगड होतं, व्यापारी त्याला हात लावत नाही. सगळा जन्म मिठागरात गेलेला माणूस हे विसरेल? मी बंदरावरचा ट्रेलर चालवतो, रोज त्याच रस्त्याने जायचो आणि रोज ओरडायचो, "मामा, वाफा फुकट चाललाय!" मामा दुसरीकडेच बघायचे. मला वाटलं, म्हातारा रुसलाय.

दहाव्या दिवशी मी भावाला विमानतळावरून थेट मिठागरावर आणला. त्याने लांब दांड्याची लाकडी फळी मिठावर टाकली, ती खटकन उडाली. खाली बसून त्याने मीठ नखाने खरवडून पाहिलं. "बाबा, हा कवाच ओढायला पायजे व्हता! फुकट घालवलास!"

"तुज्यासाठी ठेवला रं," मामा म्हणाले. मग ते बांधावर त्याच्याजवळ टेकले आणि हळूच विचारलं, "तुजा कसा झाला? दिसला का?"

त्याच्या कामाबद्दल मामांनी आजवर चकार शब्द काढला नव्हता.

"दिसला, बाबा. पयल्यापासून दिसला," तो म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला. मी जाऊन दोन पहारी आणल्या. पहिली पहार त्यानेच घातली. ऊन कलेपर्यंत आम्ही दोघं मीठ फोडत होतो. ते कुणी विकत घेणार नव्हतं, तरी मामा एकेक ढेकूळ खाऱ्या पाण्यात विसळून टोपलीत नीट लावत होते.