पिवळी खुंटी

"दिसतंय का?"

तात्यांनी असं विचारलं की उत्तर द्यायच्या आधी माणसाची मान आपोआप फळ्याकडं वळायची. विचारताना ते चष्मा कपाळावर ढकलायचे, डावा हात कमरेवर ठेवायचे आणि तो 'का' नाकातून लांबवायचे. दिसतंय काऽऽ? मी हे असं हुबेहूब करायचो की जेवणाच्या सुट्टीत पोरांना घास गिळवायचा नाही. एकदा पोरं हसता हसता अचानक गप्प झाली. तुम्ही पण कुणाची नक्कल करत असाल तर तुम्हाला कळलंच असेल, मागं कोण उभं होतं ते. मी वळलो. तात्या म्हणाले, "चष्मा ऱ्हायला की लेका. चष्म्याबिगर तात्या कसला?" आणि स्वतःचा काढून माझ्या कपाळावर ठेवला.

आमचा कारखाना बारामतीच्या एमआयडीसीत. दुधाचे टँकर बनवायचा. तात्या सुपरवायझर. डाळजहून रोज एसटीनं यायचे आणि शेडमध्ये पाय ठेवला की पहिल्यांदा फळ्यासमोर जायचे. हे आधी फळ्याला जयभीम करतात, मग आपल्याला, अशी आम्ही त्यांची चेष्टा करायचो.

फळा म्हणजे प्लायवूडचा तुकडा, त्यावर खुंट्यांच्या रांगा. प्रत्येकाच्या नावाचा पत्र्याचा एक बिल्ला. शेडमध्ये कामावर असलास तर हिरव्या खुंटीवर. टाकीच्या आत घासायला, वेल्डिंगला गेलास तर लाल खुंटीवर. घरी चाललास तर खालच्या डब्यात. बस, एवढंच. पण लाल खुंटीवर एक जरी बिल्ला असला तरी वाफेच्या व्हॉल्व्हला कुणी हात लावायचा नाही. कारण टँकर तयार झाला की तो आतून वाफेनं धुवायचा असतो, आणि त्या वाफेत माणूस सापडला तर पुढचं मी लिहीत नाही.

मग मालकांनी लोणी देवकरला दुसरी शेड टाकली. निम्मी माणसं इकडं, निम्मी तिकडं, आणि काही आमच्या पोपटसारखी, दोन्हीकडची. पोपट पॉलिशवाला. इतका काटकुळा की टाकीच्या तोंडातून सळई सरकवावी तसा आत जायचा. मालक खुशीत होते. तात्यांची मात्र भूक गेली.

"निम्मी माणसं दिसतच न्हाईत मला आता," म्हणायचे.

त्यांनी लोणीला तस्साच दुसरा फळा लावला. प्रत्येकाचा तिथंही एक बिल्ला. दोन्ही फळ्यांवर दोन नवे रंग आले. निळी खुंटी म्हणजे माणूस लोणीत आणि पिवळी म्हणजे रस्त्यात. सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा फोन लावायचा, एकेक नाव घ्यायचं आणि दोन्हीकडचे फळे सारखे करायचे. वाचायचं काम माझ्याकडं, कारण लाइनीत खरखर फार आणि माझा आवाज मोठा. मालक म्हणायचे, "तुला फोन कशाला लागतोय? नुसता दारात उभा ऱ्हा, इंदापूरपर्यंत जाईल."

पिवळ्या खुंटीवर तात्यांचा जीव टांगलेला असायचा. संध्याकाळी तिच्यावर एखादा बिल्ला असला, म्हणजे टेम्पो अजून हायवेलाच असला, तर ते घरी निघायचे नाहीत.

"तात्या, एसटी गेली तुमची."

"जाऊ दे की. मानूस पोचू दे आधी."

त्या दिवशी एका डेअरीचा टँकर द्यायचा होता. डेअरीचा ड्रायव्हर किल्ली बोटात फिरवत सकाळपासून येरझाऱ्या घालत होता. बॉयलर तापला होता. मालक व्हॉल्व्हपाशीच उभे होते. आणि फोन सकाळी नावं वाचायच्या आधीच एकदा वाजून जो गेला, तो गेलाच. उचलला की कानात नुसती शांतता.

"सोडा वाफ," मालक म्हणाले.

"थांबा." तात्या फळ्यासमोर होते. "पोपटचा बिल्ला लालवर हाय."

"तो लोणीला गेला. आज जायचाच होता की. मघाशी टेम्पो गेला ना."

"तुमी बसताना बगितला?"

"गेला असणार, तात्या."

"असणार! दिसतंय का?"

मला एरवी हसू आलं असतं. तेव्हा नाही आलं.

आम्ही टाकीच्या तोंडातून हाका मारल्या. बाहेरून हातोडीनं ठोकलं. बॅटरी मारून बघितलं, पण टँकरला आतून दोन आडव्या भिंती असतात, माणूस कसाबसा सरकेल एवढं भोक ठेवून. पहिल्या खणाच्या पलीकडं काही दिसेना. आतून अ‍ॅसिडचा वास येत होता. वेल्डिंगचे जोड साफ करायला सकाळीच लावलं होतं. त्या वासानं भोवळ येऊन कुणी कोपऱ्यात पडला असेल तर तो हाकेला ओ कसा देणार?

तेवढ्यात लोणीचा दुसरा टेम्पो आला. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, "पोपट? तितल्या फळ्यावर निळ्या खुंटीला हाय की."

"झालं!" मालकांनी हात झटकले. "मिळालं उत्तर."

"पोपट बगितला का बिल्ला बगितला?" तात्यांनी विचारलं.

ड्रायव्हर घुटमळला. "बिल्ला."

"काल त्यो तितंच हुता. कालचाच ऱ्हायला असंल." तात्या मालकांकडं वळले. "एक मानूस दोन जागी दिसतोय, मालक. म्हंजी एक फळा खोटं बोलतोय. कुठला, त्ये मला सांगता यायचं न्हाय."

डेअरीच्या ड्रायव्हरनं किल्ली फिरवायची थांबवली. "मी साहेबांना काय सांगू? हितं बिल्ले मोजत बसल्यात म्हणून?"

मालकांचं तोंड लाल झालं. ते हळू आवाजात बोलले, आणि हळू बोलले की आम्ही सगळेच घाबरायचो. "तात्या, आत पोपट नसला आणि हा गडी टँकर न घेता गेला, तर उद्यापासनं येऊ नका."

तात्यांनी चपला काढल्या. टॉवेल पाण्यात बुडवून तोंडाला बांधला. स्वतःचा बिल्ला हिरव्यावरून काढून लाल खुंटीवर, पोपटच्या शेजारी अडकवला. त्यांना दमा होता, हे सगळ्या शेडला माहीत होतं.

मी म्हणालो, "तात्या, मी जातो. मी बारीक हाय."

"तू भाईर पायजेस. आत मी पडलो तर वरडाय कोन? हाक मारत ऱ्हा. माझी ओ आली न्हाय तर टाकी कापा, पन त्या व्हॉल्व्हला हात न्हाय लावायचा." चष्मा काढून त्यांनी माझ्या हातात दिला आणि टाकीत उतरले.

मी टाकीच्या तोंडावर पालथा पडलो. हाक मारायला गेलो तर माझा आवाजच फुटेना. माझ्या तोंडून फुटला तो त्यांचा.

"दिसतंय काऽऽ?"

आतून खोकला आला आणि मग, "न्हाय!" पत्र्यावर गुडघे घासल्याचा आवाज झाला. पहिली भिंत ओलांडली.

"दिसतंय काऽऽ?"

"न्हाय!" आता आवाज बारीक, डब्यातून आल्यासारखा. मागं कुणी हसलं नाही. मालकांचा हात व्हॉल्व्हपासून केव्हाच लांब गेला होता.

"दिसतंय काऽऽ?"

काहीच नाही.

मी पुन्हा ओरडलो. माझ्या मुठीत चष्म्याची काडी वाकली. कुणीतरी कटर आणायला पळालं. मी एक पाय तोंडातून आत टाकला, आणि तेव्हा अगदी खालून, दम लागत लागत आवाज आला, "कोन न्हाय रं... मोकळी हाय."

आम्ही काखेत हात घालून त्यांना वर ओढलं. ते सिमेंटवर बसून बराच वेळ नुसते खोकत राहिले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डेअरीचा ड्रायव्हर गेटच्या बाहेर पडला होता, रिकाम्या हातानं.

"झालं समाधान?" मालकांनी विचारलं.

"झालं, मालक," तात्या म्हणाले, आणि खरंच त्यांचं झालेलं दिसत होतं. "आता सोडा वाफ."

संध्याकाळच्या टेम्पोतून पोपट उतरला. पेरू खात. सकाळी टेम्पोवाल्यानं हाक मारली, त्यानं टाकीतून उडी मारली, बिल्ला राहिला लाल खुंटीवर. झालेलं पोरांनी त्याला सांगितलं तसा पेरू चावायचा थांबला.

"माज्यासाटी आत शिरला, तात्या? दमा आस्ताना?"

"तू दिसंनास म्हणून," तात्या म्हणाले.

"चूक झाली माजी."

"तुझी बारकी. माझी मोठी. फोन बंद पडलाय ह्ये फळ्यावर कुठं दिसत हुतं? फोन बंद म्हंजी निम्मा फळा आंधळा. आन आमी त्याच्याकडं बगून भांडत बसलो." त्यांनी तो ओला टॉवेल उचलला आणि फळ्याच्या वर खिळा ठोकून टांगला. "लाइन गेली की फळा झाकायचा. झाकलेला चालंल, खोटा न्हाय चालायचा. लोणीला बी सांग."

मालक ऑफिसच्या दारातून सगळं ऐकत होते. शब्द मागं घेतील म्हणून आम्ही त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. ते आत गेले आणि दार लावलं.

तात्यांनी डबा घेतला, पिशवी घेतली. मग फळ्यासमोर जाऊन स्वतःचा बिल्ला हातात धरून जरा थांबले. आणि पिवळ्या खुंटीवर अडकवला.

"घरी चाललाय तर डब्यात टाका की," मी म्हणालो. मला चेष्टाच करायची होती, पण जमली नाही.

"अजून पोचलो कुठं?" काडी वाकलेला चष्मा डोळ्यांवर चढवत ते म्हणाले. "पोचलो की निरोप धाडतो."

निरोप आला नाही. तात्याही आले नाहीत. मालकांनी दुसरा सुपरवायझर ठेवला, पण फळा काढला नाही, आणि लाइन गेली की टॉवेल पडायचा. पोपट कायमचा लोणीला गेला. तिकडचा फोन तोच उचलायचा. सगळी नावं झाली की शेवटी विचारायचा, "आनि तात्या?" मी म्हणायचो, "पिवळ्यावर." आणि दोघंही फोन ठेवायचो. रोजचंच झालं होतं ते.

काही वर्षांनी डाळजहून कळलं, तात्या गेले. पोपट खांदा द्यायला जाऊन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन लावला. नावं वाचली. हिरवी झाली, निळी झाली. शेवटी लाइनीत नुसती खरखर राहिली. मला वाटलं, आज विचारणार नाही. स्वतः माती देऊन आलाय.

"आनि तात्या?"

मी फळ्याकडं बघितलं. "पिवळ्यावर."

"पोचल्याचा निरोप?"

"न्हाय अजून."

"मग ऱ्हाऊ दे," पोपट म्हणाला.