खालचे सूर

"तो चिरका आवाज काढून टाक रं. जाडा वाजव, जाडा!" काठी गिटारवाल्यावर रोखून आमचा ड्रमर ओरडायचा.

सानपाड्यात त्याचं दुचाक्या दुरुस्त करायचं गॅरेज. रविवारी दुपारी शटर अर्धं ओढून आम्ही चौघे तिथे धिंगाणा घालायचो. तीन कॉर्ड आणि बाकी आरडाओरडा, त्याला पंक म्हणायचं. आठवडाभर ऑफिसात गिळलेली चिडचिड मी बेसवर काढायचो.

तो तळवली गावचा, लग्नांच्या हळदीत वाजवून हात तयार झालेला. एकदा त्याने ड्रमच्या झांजाच काढल्या आणि शेजारी ढोल मांडला. गिटारवाला वैतागला. "अरे, आपण पंक आहोत की वरातीतला बँजो?"

"दोनी. टेन्शन नको घेव."

हळूहळू गिटार खालच्या पट्टीत उतरली, गाणाऱ्याचं किंचाळणं जाऊन गुरगुरणं आलं. कार्यक्रमांना येणारी पोरं बेभान नाचायला लागली. 'तुमचा नवा साउंड भारी' म्हणायची. आम्हीही प्रयोग-बियोग म्हणत शहाण्यासारख्या माना डोलवायचो.

मग वाशीतल्या एका कार्यक्रमात ऐन गाण्यात स्पीकरची लाईन गेली. आम्ही तिघे थांबलो. तो डोळे मिटून वाजवतच राहिला. लोकांना वाटलं सोलो, टाळ्या पडल्या. मी त्याच्या कानाशी जाऊन हाक मारली, दोनदा. शेवटी खांदा हलवला, तेव्हा त्याने डोळे उघडले.

"कधीपासून?" नंतर मी खुणेने विचारलं.

"दोन वर्सा झाली. पयले चिरके आवाज गेले. मंग जे ऐकाला येत होता, तेच तुमाना वाजवाला लावला. आता जाडे बी गेले." काठ्या पिशवीत टाकत म्हणाला, "सांगितला असता तर तुमी मना घरी बसवला असता."

बसवलंच असतं. खोटं कशाला बोलू?

त्यानंतर तालीम जुईनगरला, नव्या ड्रमरच्या सोसायटीत हलली. नवा तालाला पक्का, झांजाही छान वाजवायचा. तीन महिन्यांत बँड बंद पडला. भांडण नाही, काही नाही, नुसता कंटाळा.

परवा स्कूटर दाखवायला त्याच्याकडे गेलो. मेकॅनिक स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाला लावतात, तुम्ही पाहिलं असेल. हा मूठ दातांत धरतो. डोळे मिटून जरा वेळ बसला आणि दोष बरोबर सांगितला.

मग माझ्या ओठांकडे बघत विचारलं, "बँड चालू हाय ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

"एकदा हिकरं येऊन वाजवा. स्पीकरला दात लावून ऐकीन."

मी पुन्हा मान हलवली. बेस मी केव्हाच विकून टाकला होता.