मेक्सिकोचा तो नट आणि आमचे हे

आमचे हे धायरीच्या फ्लॅटमध्ये स्पॅनिश शिकवायचे. शनिवारी आयटीतली मुलं-मुली यायची. व्याकरण आटोपलं की हे मेक्सिकोच्या एका जुन्या विनोदी नटाचा सिनेमा लावायचे. कमरेखाली घसरलेली ढगळ पँट, ओठांच्या दोन टोकांना चिमूटभर मिशी. गरीब वस्तीत वाढलेला, तंबूतल्या खेळांतून वर आलेला माणूस. साहेब असो की पोलीस, समोरच्याला तो बोलून बोलून असा गुंडाळायचा, की आपण काय विचारलं होतं हेच त्याला आठवू नये.

मला स्पॅनिश येत नाही. हे शेजारी बसून अर्थ सांगायचे आणि स्वतःच आधी हसायचे.

"तिकडे त्याच्या नावाचं क्रियापदच झालंय," म्हणायचे. "भरपूर बोलायचं आणि काहीच सांगायचं नाही. आपल्या नगरसेवकांना उपयोगी आहे."

तो गेला तेव्हा लोक भर पावसात रांगा लावून उभे होते, हे सांगताना मात्र यांचा आवाज जड व्हायचा.

मागच्या वर्षी यांना पक्षाघात झाला. हातपाय वाचले, बोलणं गेलं. म्हणजे आवाज होता, शब्दही होते. पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नव्हता. "अगं, ती खिडकी काल पाव वाजवते," असं गंभीरपणे म्हणायचे.

डॉक्टर म्हणाले, "त्यांना वाटतंय, ते बरोबरच बोलतायत."

भेटायला आलेली एक विद्यार्थिनी दाराशी म्हणाली, "काकू, सर अगदी त्या नटासारखे..." आणि तिला रडू फुटलं. त्यानंतर मी ते सिनेमे लावलेच नाहीत.

दिवाळीनंतर एकदा यांनीच रिमोट माझ्या हातात दिला. मी सिनेमा लावला. पडद्यावर पोलीस गोंधळला, तिथले सगळे हसले. हे हसले नाहीत. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग माझ्याकडे वळून, पूर्वीसारखे हातवारे करत अर्थ सांगू लागले. मला काही कळेना.

"हं, मग?" मी विचारत राहिले. सिनेमा संपेपर्यंत ते सांगत होते.

पौषात दुसरा झटका आला. गेले त्या सकाळी माझा हात धरून बराच वेळ बोलले. मग थांबले आणि उत्तराची वाट बघितल्यासारखे माझ्याकडे पाहू लागले.

मी म्हटलं, "हो."

त्यांचा चेहरा निवळला. मी कशाला हो म्हटलं, ते मला अजून माहीत नाही.